गाठ सापडली नाही, तरी कॅन्सर? आणि मग ऑपरेशन आधी का नाही?

डॉक्टरताई,

माझी मोठी बहीण ४६ वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी तिचा डावा स्तन एकदम जड वाटायला लागला. आठवडाभरात तो लालसर झाला, हाताला गरम लागू लागला. नेहमीच्या डॉक्टरांनी इन्फेक्शन समजून गोळ्या दिल्या, उतरेना म्हणून बदलून दुसऱ्या दिल्या. सोनोग्राफीत ‘सूज आहे, गाठ नाही’ असं आलं आणि मॅमोग्राफीत फक्त त्वचा जाड झाल्याचं लिहिलं होतं. शेवटी एका सर्जनने स्तनातून आणि काखेतल्या लसिकागाठीतून (लिम्फ नोड) सुईने तुकडे काढले, त्वचेचाही एक छोटा तुकडा काढला. स्तनात आणि काखेत कॅन्सर निघाला, त्वचेच्या तुकड्यात मात्र काही नाही. रिपोर्टात हर-टू पॉझिटिव्ह, हॉर्मोन निगेटिव्ह आहे. पेट स्कॅनमध्ये शरीरात दुसरीकडे काही दिसलं नाही. स्टेज तिसरी.

आता डॉक्टर म्हणतात, हा इन्फ्लमेटरी नावाचा दुर्मीळ प्रकार आहे. आधी पाच-सहा महिने केमो आणि इंजेक्शनं, मग पूर्ण स्तन काढायचा, मग रेडिएशन. आमचे मामा अडून बसलेत, “कॅन्सर अंगात ठेवून सलाईन कसली लावता? आधी कापून टाका.” त्वचेत कॅन्सर नाही म्हणजे निदानच चुकलं असेल, असंही घरात बोललं जातंय. ताईला स्तन वाचवायचा आहे, नाहीतर निदान त्याच ऑपरेशनमध्ये नवा बनवून हवा आहे. दोन महिने वाया गेले त्याची टोचणी आम्हा सगळ्यांना आहे. आणि विचारायला लाज वाटते, पण मलाही हे होईल का?

– धाकटी

प्रिय धाकटी,

आधी मामांपर्यंत पोचवायचं ते सांगते. तुमच्या पत्रातल्या माहितीवरून निदान बरोबर दिसतंय आणि उपचारांचा क्रमही बरोबर आहे. दुसऱ्या कॅन्सरतज्ज्ञांचं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण ते याच आठवड्यात घ्या. त्यासाठी केमोची ठरलेली तारीख पुढे ढकलू नका.

निदानाबद्दलची शंका मला समजते. कॅन्सर म्हटला की गाठ, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की गाठच नाही म्हटल्यावर माणूस गोंधळतो. स्तनाच्या त्वचेत लसिकावाहिन्यांचं बारीक जाळं असतं. पेशींभोवतीचं जादा पाणी त्यातून काखेकडे वाहून जातं. या प्रकारातल्या पेशी बहुतेकदा एका जागी गोळा धरून बसत नाहीत. त्या पुंजक्यापुंजक्यांनी या वाहिन्यांत शिरतात आणि त्या तुंबवतात. मग पाणी साचतं, स्तन जड होतो, लाल आणि गरम होतो. त्वचा फुगते, पण केसांच्या मुळांशी ती आत बांधलेली असल्यामुळे तिथे तिथे खळगे राहतात आणि ती संत्र्याच्या सालीसारखी दिसायला लागते. मॅमोग्राफीत ठसठशीत गाठ न दिसता नुसती जाड त्वचा दिसली ती याचमुळे.

आता त्वचेचा तुकडा. तो काढतात जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा. पेशींचे पुंजके सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. काही जागी दाटी, काही जागी काहीच नाही. तुकडा कोऱ्या जागचा निघाला तर रिपोर्ट कोरा येतो. म्हणूनच २०११ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी निदानाचे निकष ठरवले तेव्हा त्वचेत पेशी सापडल्याच पाहिजेत अशी अट घातली नाही. लाली, सूज, गरमपणा किंवा सालीसारखी त्वचा झपाट्याने आलेली असावी, त्याला सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा, लालीने स्तनाचा किमान एक तृतीयांश भाग व्यापलेला असावा आणि आजूबाजूला पसरणारा कॅन्सर असल्याचा पुरावा तपासणीत मिळावा. ताईच्या बाबतीत स्तनातून आणि काखेतून तो पुरावा मिळालाय. चार्ल्स बेल या सर्जनने १८१४ मध्ये या आजाराचं वर्णन केलं तेव्हापासून आजपर्यंत तो आधी डोळ्यांनी आणि हातांनी ओळखावा लागतो. सूक्ष्मदर्शक नंतर दुजोरा देतो. त्वचेचा तुकडा कोरा आला म्हणून कोणी ‘चला, साधी सूज आहे’ म्हणाला असता तर मला जास्त काळजी वाटली असती.

वाया गेलेल्या दोन महिन्यांबद्दल दोन गोष्टी. हा कॅन्सर पहिल्या किंवा दुसऱ्या स्टेजला सापडतच नाही. तो त्वचेत ज्या तऱ्हेने पसरलेला असतो त्यामुळे निदानाच्या दिवशी तो किमान तिसऱ्या स्टेजचाच मोजला जातो. म्हणजे तुम्ही लवकर गेला असता तर ‘पहिली स्टेज’ लिहून आली असती, असं मुळीच नाही. दुसरी गोष्ट, पहिल्या डॉक्टरांनी एकदा अँटिबायोटिक देऊन बघणं चूक नव्हतं. स्तन लाल आणि गरम असेल तर इन्फेक्शनच जास्त वेळा निघतं, आणि शंभर स्तनकॅन्सर रुग्णांत हा प्रकार एक ते पाच जणींनाच असतो. मात्र औषध बदलून पुन्हा वाट बघणं मला पटलेलं नाही. बाळाला अंगावर पाजत नसलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईची लाली आठवडा-दहा दिवसांत गोळ्यांनी उतरली नाही, तर पुढची चिठ्ठी बायोप्सीची हवी. आणि पाजणाऱ्या आईची उतरली नाही तर तिलाही हाच नियम. त्या वयात हा आजार होत नाही असं नाही, उलट तिथे तो जास्त सहज नजरेतून सुटतो.

हे सदर वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी इथे थोडी थांबते. पुस्तकात ‘लाली’ लिहिलेलं असतं, पण सावळ्या त्वचेवर ती लाल दिसेलच असं नाही. जांभळट, तपकिरी किंवा नुसती काळपट झाक दिसते आणि घरच्यांना वाटतं घामोळं असेल, ब्रा घासली असेल. एका बाजूची ब्रा अचानक घट्ट व्हायला लागली, तिचे वळ उठून दिसायला लागले, बोंड आत ओढलं गेलं, एक स्तन दुसऱ्यापेक्षा गरम लागतोय, खाज सुटते, ठणकतंय, तर गाठ लागते का हे चाचपत बसू नका. दुखतंय म्हणजे कॅन्सर नाही हा समजही इथे खरा ठरत नाही. कधीकधी यात चांगलं दुखतं. ताप नाही, पू नाही, आणि सूज दिवसागणिक वाढतेय, असं दिसलं की तपासणीचा आग्रह रुग्णानेच धरावा. पुरुषांना हा प्रकार अगदी क्वचित होतो, पण होतो.

आता मामा. त्यांचा सल्ला प्रेमापोटीच आहे, आणि एकेकाळी डॉक्टरही हेच करायचे. त्या काळात, म्हणजे नुसतं ऑपरेशन किंवा नुसतं रेडिएशन मिळायचं तेव्हा, पाच वर्षांनंतर शंभरातल्या पाच बायकाही जिवंत नसायच्या. सर्जनचा हात कच्चा होता असं नाही. सुजलेल्या, पेशींनी भरलेल्या त्वचेतून चाकू फिरवला की कडा स्वच्छ मिळत नाहीत, जखम नीट भरत नाही आणि थोड्याच महिन्यांत छातीवर त्याच टाक्यांच्या आसपास कॅन्सर पुन्हा उगवतो. शिवाय स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी रक्तातून आधीच बाहेर पडलेल्या असण्याची शक्यता या आजारात मोठी असते आणि त्यांना चाकू शिवतही नाही. केमो आधी दिली की ती सगळ्या शरीरात फिरते, त्वचेतली सूज उतरवते आणि जे काढणं आज अशक्य आहे ते काढण्याजोगं करते. मामांना सांगा, कॅन्सर अंगात ‘ठेवून’ सलाईन लावत नाहीयेत. ती सलाईन हाच पहिला घाव आहे.

ताईच्या रिपोर्टात हर-टू पॉझिटिव्ह लिहिलंय, ती ओळ पुन्हा वाचा. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन. ते जास्त असलं की पेशी वेगाने वाढतात, पण नेमकं त्यालाच धरणारं औषध आपल्याकडे आहे. ट्रास्टुझुमॅब १९९८ पासून वापरात आहे, पर्टुझुमॅब २०१२ पासून. बहुधा ताईला ही दोन्ही केमोबरोबर मिळतील. केमोचा एक आराखडा असा की डोसीटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन या दोन इंजेक्शनांसह दर २१ दिवसांनी सहा वेळा. दुसरा आराखडा म्हणजे आधी अँथ्रासायक्लिन गटातल्या औषधाचे चार डोस आणि मग पॅक्लिटॅक्सेल. ताईला कोणता, हे तिचं हृदय आणि एकंदर तब्येत बघून ठरतं. ट्रास्टुझुमॅबचा ताण हृदयावर येऊ शकतो. म्हणून सुरुवातीला टू-डी एको होईलच, पुढे साधारण तीन महिन्यांनी पुन्हा पुन्हा होईल. एकोत पंपिंग थोडं कमी झालं म्हणून औषध काही आठवडे थांबवलं तर घाबरू नका, बहुतेकांचं हृदय पूर्ववत होतं.

पहिल्या सलाईनच्या आधी एक काम करा, आणि हे विसरू नका. स्तनाचे फोटो काढा. चांगल्या उजेडात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, लाली जिथे संपते ती कड स्पष्ट दिसेल असे. शक्यतो दवाखान्यातच काढून घ्या आणि फाइलला लावा. कारण दोन-तीन डोस झाले की लाली विरते, त्वचा मऊ होते आणि ‘आता बरंच कमी झालंय’ म्हणून सगळे खूश होतात. पण ऑपरेशनच्या वेळी सर्जनला आज उरलेली लाली नव्हे, पहिल्या दिवशी जिथपर्यंत लाली पोचली होती ती सगळी त्वचा काढायची असते. रेडिएशनवाल्यांनाही मूळ हद्द लागते. सहा महिन्यांनी ती आठवून सांगणं कुणाला जमणार? ताईला फोटो काढून घ्यायला संकोच वाटेल. तुम्ही शेजारी उभ्या राहा.

डोसच्या मधल्या दिवसांत ताप मोजायचं थर्मामीटर हाताशी असू द्या. १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्यावर पारा गेला तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना घरी तापाची गोळी देऊन सकाळ होईपर्यंत थांबणं महागात पडतं. बाकी केस जाणं, तोंड येणं, बोटांना मुंग्या येणं, पर्टुझुमॅबमुळे जुलाब होणं, हे सगळं डॉक्टर आधीच सांगतील आणि त्यावर औषधंही देतील. याच काळात कोणीतरी काढा, भस्म किंवा ‘प्रतिकारशक्तीची’ पावडर घेऊन येणार, हे मी लिहून देते. आणणाऱ्याला दुखवू नका, पण पुडी ताईला देण्याआधी डॉक्टरांना दाखवा. केमोची बरीच औषधं यकृतातून जातात आणि तिथे दुसऱ्या कशाची लुडबुड परवडत नाही.

केमो चालू असताना लाली कमी न होता वाढतेय असं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. क्वचित असं होतं, आणि मग औषध बदलतात, काही वेळा ऑपरेशनच्या आधीच रेडिएशन देतात. फक्त घाईने चाकू मात्र कोणीही उचलत नाही.

स्तन वाचवायच्या इच्छेबद्दल गोड बोलून वेळ मारून नेत नाही. दुसऱ्या बऱ्याच स्तनकॅन्सरमध्ये गाठ आणि आसपासचा थोडा भाग काढून स्तन ठेवता येतो. इथे नाही. त्वचेतल्या पेशी केमोनंतर सलग मागे हटत नाहीत, ठिपक्याठिपक्यांनी इथे तिथे उरतात. ऑपरेशनमध्ये संपूर्ण स्तन, आजार पोचलेली त्वचा आणि काखेतल्या गाठी निघतील. एक-दोन गाठी तपासून बाकीच्या ठेवण्याची हल्लीची पद्धतही इथे भरवशाची नाही, कारण त्या गाठींकडे जाणारे रस्तेच तुंबलेले असतात. त्याच बैठकीत नवा स्तन करायचा तर मूळ त्वचा राखावी लागते, आणि नेमकी तीच आपल्याला नको आहे. वर पुनर्रचनेच्या जखमेत काही बिघडलं तर रेडिएशन लांबतं. म्हणून ताईला ‘कधीच नाही’ असं सांगू नका. ‘आत्ता नाही’ असं सांगा. रेडिएशन संपून त्वचा निवली की, बहुधा सहा महिने ते वर्षभरात, प्लॅस्टिक सर्जनकडे जाता येतं. रेडिएशन झालेल्या छातीवर सिलिकॉनपेक्षा पोटाच्या किंवा पाठीच्या स्वतःच्या मांसाचा स्तन सहसा चांगला टिकतो. प्लॅस्टिक सर्जनशी पहिली भेट मात्र ऑपरेशनच्या आधीच करून ठेवा. पुढे काय शक्य आहे ते आधीच ठाऊक असलं तर त्या दिवशी ताईला थोडं सोपं जाईल.

ऑपरेशननंतर रेडिएशन होणारच, अगदी काढलेल्या स्तनात एकही जिवंत पेशी सापडली नाही तरीही. आठवड्याचे पाच दिवस, साधारण पाच ते सहा आठवडे, छातीवर आणि गळपट्टीच्या हाडाच्या वर. काखेतल्या गाठी काढणं आणि त्यावर रेडिएशन, या जोडीमुळे हात सुजण्याचा धोका वाढतो. त्यासाठी फिजिओथेरपिस्टकडे हात सुजल्यावर नव्हे, ऑपरेशनच्या आधी एकदा आणि टाके निघाल्यावर लगेच जा. बांगडी किंवा अंगठी अचानक घट्ट वाटली तर ती सुरुवात समजायची.

किती आशा धरायची, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पत्रभर तेच आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदींत या प्रकारच्या सगळ्या स्टेज धरून पाच वर्षं पार करणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्के आहे आणि आजार दूर पसरलेला नसेल तर निम्म्याहून थोडं जास्त. स्तनाच्या इतर कॅन्सरच्या मानाने हे आकडे कमी आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्या नोंदींत बरीच वर्षं जुन्या रुग्ण आहेत आणि सगळ्या तऱ्हेच्या रिपोर्टच्या आहेत. हर-टू पॉझिटिव्ह, दूर न पसरलेला, तिन्ही उपचार ठरल्या क्रमाने पूर्ण करण्याइतकी तब्येत, या तिन्ही गोष्टी ताईच्या बाजूच्या आहेत. तिसरी टिकवणं बऱ्याच अंशी घरच्यांच्या हातात असतं. दुर्मीळ आजार आहे, तेव्हा केमो, सर्जरी आणि रेडिएशन असे तिन्ही विभागांचे डॉक्टर एकत्र बसून केस ठरवतात अशा ठिकाणी उपचार घ्यावेत, असं माझं ठाम मत आहे. हॉस्पिटलची इमारत किती मोठी आहे हे मी त्यानंतर बघेन.

आणि तुमचा प्रश्न. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, ताईच्या मनातही तुमच्याबद्दल तेच आलं असेल. हा विशिष्ट प्रकार घराण्यात उतरतो असं दिसत नाही. पण ताईचं निदान पन्नाशीच्या आत झालंय, त्यामुळे तिची बीआरसीए (स्तनकॅन्सरशी संबंधित जनुकं) आणि सोबतच्या जनुकांची रक्ततपासणी करायला हवी. ती तिची आधी, तुमची नाही. तिच्यात दोष सापडला तर तुम्ही नेमका तोच दोष तपासून घ्यायचा. नाही सापडला तर तुमच्या डॉक्टरांशी बोलून, सख्ख्या बहिणीला कॅन्सर झाल्याचं सांगून, मॅमोग्राफी कधीपासून आणि किती वर्षांनी करायची ते ठरवा. लाली, सूज, अचानक जडपणा यांच्यासाठी मात्र कोणत्याही तारखेची वाट बघायची नाही.

ताईचं ऑपरेशन झालं की मला पुन्हा लिहा, त्यानंतरचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट सोबत जोडून. काढलेल्या स्तनात आणि काखेत जिवंत पेशी उरल्या आहेत की नाहीत, एवढं त्यात आधी बघायचं. काही उरलं नसेल तर ट्रास्टुझुमॅब, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर पर्टुझुमॅबही, पुढे चालू ठेवून एकूण वर्ष पुरं करतात. उरलं असेल तर ट्रास्टुझुमॅबलाच केमोचं औषध जोडलेलं ट्रास्टुझुमॅब एम्टॅन्सिन नावाचं इंजेक्शन १४ वेळा देता येतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, अशा रुग्णांना नुसतं ट्रास्टुझुमॅब चालू ठेवण्याऐवजी हे दिल्यावर आजार उलटण्याचा किंवा त्यात जीव जाण्याचा धोका निम्म्यावर आला होता. तेव्हा ‘काही उरलंय’ असं वाचून घरात रडारड सुरू व्हायच्या आधी, पुढचं इंजेक्शन कोणतं हे डॉक्टरांना विचारा.

– डॉक्टरताई